कविता, लोकशाही आणि अर्ध्यावर सोडलेल्या ओळी

तुमचा निबंध दोनदा वाचला. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. विषय 'कविता आणि लोकशाही : कवीची राजकीय भूमिका', लांबी साधारण अडीच हजार शब्द, एम.ए.च्या अंतर्गत मूल्यमापनासाठी लिहिलेला. तुमचा प्रश्न असा की, मॅडमनी 'भूमिका स्पष्ट आहे, पण निबंध पटत नाही' असा शेरा का मारला असेल, आणि मी तपासला असता तर किती गुण दिले असते? एकतीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं, तेवढीच वर्षं निबंध तपासले. त्या अनुभवावर जे दिसतं ते सविस्तर सांगतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी निबंधाचं म्हणणं थोडक्यात देतो. लोकशाहीत कवी हा सत्तेचा कायमचा विरोधक असतो. सत्तेच्या जवळ गेला की तो कवी म्हणून संपतो. याला आधार म्हणून तुकाराम, अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ अशी एक सरळ रांग लावली आहे. परदेशातून शेली आणि ऑडेन हे इंग्रजी कवी आणले आहेत. निष्कर्ष असा की पदं, पुरस्कार, सभागृहं हे सगळं कवीनं नाकारावं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. भाषा स्वच्छ आहे, वाक्यं स्वतःची आहेत. गाईडबुकातून उचललेला एकही परिच्छेद मला सापडला नाही आणि हे हल्ली फार क्वचित घडतं. तुम्ही बाजू घेतली आहे. 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' म्हणत दहा पानं भरणाऱ्या निबंधापेक्षा बाजू घेणारा निबंध मला केव्हाही जास्त आवडतो.

अडचण अशी की कवितेवरच्या या निबंधात कविता फार थोडी आहे. मी मोजलं. सगळ्या निबंधात कवितेच्या अकरा ओळी आहेत आणि प्रत्येक वेळी ओळ संपली की पुढचं वाक्य कवीबद्दल आहे: तो कुठे जन्मला, कशाविरुद्ध उभा राहिला, काय सोसलं. ओळीत काय चाललंय याबद्दल एक वाक्यही नाही. कवीच्या चरित्रातून त्याचं राजकारण ठरवलंत आणि कविता साक्षीदारासारखी पिंजऱ्यात उभी केलीत. तिला एकच प्रश्न विचारला आणि उत्तर पुरं व्हायच्या आत खाली उतरवलं.

तुकोबांपासूनच बघा. तुम्ही लिहिता, 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें, शब्दांचींच शस्त्रें यत्नें करूं' आणि लगेच 'शब्द हेच शस्त्र मानणारा हा पहिला लोकशाहीवादी कवी'. सतराव्या शतकातल्या माणसाला लोकशाहीवादी म्हणणं हा कालविपर्यास आहे, पण ती चूक किरकोळ, एका शब्दात दुरुस्त होईल. मोठी चूक ही की तुम्ही पहिल्या चरणावर थांबलात. पुढचा चरण आहे, 'शब्दचि आमुच्या जीवाचें जीवन, शब्दें वाटूं धन जनलोकां'. अभंग शस्त्राशी थांबत नाही, वाटपाकडे जातो. घरात जे धन आहे ते लोकांत वाटायचं आहे. तुमच्या विषयात लोकशाही हा शब्द आहे आणि तिच्या सर्वांत जवळ जाणारी ओळ तुम्ही गाळलीत, कारण तुम्हाला शस्त्र हवं होतं. त्यानंतर 'शब्दचि हा देव' येतो. शस्त्र, धन, देव: तीन चरणांत शब्दाची तीन रूपं, आणि वाटण्याची क्रिया बरोबर मधोमध. हा अभंग पूर्ण वाचला असता तर निबंधाचा सिद्धान्तच बदलला असता. कवी सत्तेशी लढतो का, या प्रश्नाऐवजी कवी भाषा कोणाकोणाच्या हाती पोहोचवतो, हा प्रश्न समोर आला असता. माझ्या मते या विषयाचा खरा प्रश्न तोच आहे.

हेच ऑडेनच्या बाबतीत. जानेवारी १९३९ मध्ये आयरिश कवी येट्स वारल्यावर ऑडेननं त्याच्यावर कविता लिहिली. त्यातलं 'कविता काहीही घडवून आणत नाही' हे वाक्य तुम्ही हताशपणाचा नमुना म्हणून दिलंत आणि खोडून काढलंत. पण ते वाक्य तिथं संपत नाही. कविता टिकून राहते, वाहत जाते, ती घडण्याची एक रीत आहे, एक मुख आहे, असा त्याचा शेवट होतो. म्हणजे ज्याला तुम्ही विरोधक समजून हरवलंत तो तुमच्याच बाजूनं बोलत होता. दोन उतारे, दोन्ही अर्ध्यावर सोडलेले. तपासणाऱ्याच्या लक्षात हे लगेच येतं. 'पटत नाही' या शेऱ्यामागे मला हेच दिसतं.

शेलीचं 'कवी हे जगाचे मान्यता न मिळालेले कायदेकर्ते' हे वाक्य तुम्ही घोषणेसारखं वापरलंय. त्यामागची हकिकत घातली असती तर त्याला वजन आलं असतं. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला मताधिकार मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं. शेली तेव्हा इटलीत होता. बातमी कळताच त्यानं दीर्घकविता लिहून लंडनला पाठवली. संपादकानं ती छापली नाही, कारण खटल्याची भीती होती. कविता छापून आली १८३२ मध्ये, शेलीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. 'कायदेकर्ते' हे वाक्य त्यानं १८२१ मध्ये लिहिलं, तेव्हा ती कविता संपादकाकडेच पडून होती. आणि ते वाक्यही छापून आलं थेट १८४० मध्ये.

आता तुमच्या मुख्य विधानाकडे येतो. 'सत्ता' हा शब्द निबंधात सव्वीस वेळा आलाय आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ सरकार. सुर्व्यांची ओळ तुम्हीच दिली आहे: 'कामगार आहे मी, तळपती तलवार आहे, सारस्वतांनो! थोडासा गुन्हा करणार आहे.' इथं संबोधन कोणाला आहे? सरकारला नाही, गिरणीमालकालाही नाही. 'सारस्वतांनो' म्हणून हाक आहे ती लिहित्या-वाचत्या माणसांना, ज्यांच्या हातात आजवर मराठी कविता होती त्यांना. आणि गुन्हा कोणता? कामगारानं त्यांच्या अंगणात येऊन कविता लिहिणं. 'थोडासा' या शब्दाकडे पाहा. तलवारीनंतर येणारा 'थोडासा'. त्यात नम्रता आहे आणि धारही आहे. मी आत येतोय, परवानगी मागत नाही, फक्त कळवतोय. या ओळीत सत्ता म्हणजे भाषेवरची मालकी. तुमच्या व्याख्येत ही सत्ता बसतच नाही, म्हणून इतकी नेमकी ओळ हाताशी असून तुम्ही तिच्यावर एक वाक्य लिहून पुढे गेलात.

कवितेचं राजकारण तपासताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो की आधी सर्वनामं शोधा. 'मी' कोण आहे, 'तुम्ही' कोण आहे, 'आम्ही'त कोणाला घेतलंय आणि कोणाला बाहेर ठेवलंय. हे व्याकरणाचं काम वाटतं, पण कवितेतली लोकशाही आहे की नाही ते तिथंच कळतं. कवी 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्या आम्हीला त्यानं विचारलंय का? स्वतःला जनतेचा आवाज म्हणवणाऱ्या कित्येक कविता या प्रश्नावर अडखळतात.

ढसाळांबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला वाईट वाटलं, कारण इतक्या मोठ्या कवीला तुम्ही सोपा करून टाकलाय. १९७२ चा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह, त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना, १९७४ ची वरळीची दंगल, आणि मग निबंध थेट त्यांच्या निधनावर, २०१४ वर. मधली चाळीस वर्षं कुठे गेली? आणीबाणीत ढसाळांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. १९७६ मध्ये त्यांची 'प्रियदर्शिनी' ही इंदिराबाईंवरची दीर्घकविता आली. नव्वदच्या दशकात ते शिवसेनेच्या जवळ गेले, 'सामना'त लिहू लागले. १९९९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या नियमानं हा कवी १९७६ लाच संपायला हवा होता. तो संपला नाही. म्हणजे एकतर नियम चुकलाय किंवा तुम्हाला त्यानंतरचे ढसाळ कवी म्हणून नाकारावे लागतील. दोन्हीपैकी काही करायची तयारी नव्हती, म्हणून चाळीस वर्षं गाळली. मूल्यमापनात मी सर्वांत जास्त गुण इथं कापले असते. माहिती नसती तर समजू शकतो. पण तुमच्या संदर्भयादीत ढसाळांवरची जी पुस्तकं आहेत ती वाचलेल्याला हे ठाऊक नसणं शक्य नाही.

हाच भाग तुमच्या निबंधाला मोठा करू शकला असता. आणीबाणी हा आपल्याकडे लेखकांच्या कसोटीचा काळ होता. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. त्यांनी भर संमेलनात जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि पुढे तुरुंगवास भोगला. दुर्गाबाई कवी नव्हत्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या, गद्य लिहिणाऱ्या. शस्त्रासारखी भाषा हाताळणारा कवी त्या काळात सत्तेच्या बाजूला आणि लोककथा गोळा करणारी अभ्यासक सत्तेच्या समोर. हे दोघं शेजारी उभे केले की 'कवी म्हणजे विरोधक' हे समीकरण मोडतं. ते मोडू द्या. त्यानंतर तुम्हाला विचारावं लागेल की 'गोलपिठा'नं लोकशाहीला काय दिलं, आणि त्याचं उत्तर ढसाळांच्या पुढच्या भूमिकांवर अवलंबून नाही. कामाठीपुऱ्याची भाषा, जी मराठी पुस्तकात आलीच नव्हती, ती त्या संग्रहानं छापील पानावर आणली. नेहमीच्या मराठी वाचकाला त्यातले कित्येक शब्द दुसऱ्याला विचारून समजून घ्यावे लागले. ज्याला आजवर विचारावं लागत नव्हतं त्याला विचारायला लावणं, ही राजकीय कृती आहे. 'प्रियदर्शिनी'मुळे ती पुसली जात नाही, आणि तिच्यामुळे 'प्रियदर्शिनी'ही माफ होत नाही. दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात धरून ठेवणं हे समीक्षेचं काम आहे. अवघड आहे, पण तुमच्या वाक्यांची ताकद पाहता तुम्हाला जमेल.

सभागृहं नाकारावीत या निष्कर्षाबद्दल. राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेत साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतली माणसं राज्यपाल नेमू शकतात. आपल्याकडे ७८ पैकी १२ जागा अशा आहेत. ग. दि. माडगूळकर विधान परिषदेत होते. ना. धों. महानोर १९७८ मध्ये गेले आणि शेतीपाण्यावर बोलत राहिले. त्यांच्या भाषणांचं पुस्तकही आहे. रानातल्या कविता लिहिणारा माणूस सभागृहात पाण्यावर बोलतो तेव्हा तो कवी म्हणून संपतो का? महानोरांची त्यानंतरची कविता घेऊन तपासा, मग निष्कर्ष काढा. ज्या येट्सवर ऑडेननं लिहिलं तो स्वतः १९२२ ते १९२८ आयर्लंडच्या सिनेटमध्ये होता. कवी पाब्लो नेरुदा १९४५ मध्ये चिलीच्या उत्तरेकडच्या खाणकामगारांच्या भागातून सिनेटवर निवडून आला, आणि ज्या राष्ट्राध्यक्षासाठी त्यानं स्वतः प्रचार केला होता त्याच्याच विरुद्ध जानेवारी १९४८ मध्ये सभागृहात उभा राहिला. अटकेचं फर्मान निघालं, वर्षभर तो लोकांच्या घरांत लपून राहिला, मग घोड्यावरून अँडीज ओलांडून देशाबाहेर पडला. त्याचा विरोध झाला तो सभागृहात बसून. आणि याच नेरुदानं १९५३ मध्ये स्टालिनच्या मृत्यूवर गौरवकविता लिहिली. तुमच्या चौकटीत या माणसाला कुठे ठेवाल? मी स्वतः त्याला दोन ठिकाणी ठेवतो आणि त्या अस्वस्थतेसह वाचतो.

एक मुद्दा तुम्ही पूर्ण सोडलाय: न्यायालय. कवितेची राजकीय भूमिका जिथं प्रत्यक्ष मोजली जाते अशी ती जागा आहे. १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या कविता वरवर पुराणातल्या आणि इतिहासातल्या कथांवर होत्या. सरकारचं म्हणणं, रोख आजच्या राज्यकर्त्यांवर आहे. रूपकाचा अर्थ काय, यावर माणसाचं आयुष्य ठरलं. हे परकीय राज्य होतं म्हणून सोडून द्याल, तर लोकशाहीतलं उदाहरण घ्या. वसंत दत्तात्रय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापली गेली, अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ मे २०१५ च्या निकालात न्यायालयानं छापणाऱ्यांना, त्यांनी माफी मागितली होती म्हणून, मोकळं केलं. कवीवरचा खटला मात्र चालू ठेवला. इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अशी भाषा घातली तर समकालीन समाजमानाची कसोटी जास्त कडक लागते, असं न्यायालय म्हणालं. कवितेतला 'गांधी' म्हणजे खरे गांधी, की प्रतीक? त्याच्या तोंडची भाषा कोणाची? हे प्रश्न आपण वर्गात विचारतो. तिथं ते कवीला शिक्षा होणार की नाही, यासाठी विचारले गेले. हा एक निकाल नीट वाचून त्यावर तीनशे शब्द लिहिलेत तर तुमच्या विषयाला जमीन मिळेल. मला तो निकाल पटत नाही; प्रतीक म्हणून वापरलेल्या नावाला माणसाइतकं संरक्षण दिलं की मोठ्या नावांशी कवितेनं बोलणंच बंद होईल असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण मत हवं.

स्वतःचा एक अनुभव सांगतो, कारण तुमची चूक मी तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसून केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी एका निबंधाला सर्वाधिक गुण दिले. विषय असाच होता. त्यातली प्रत्येक भूमिका माझी होती. दुसऱ्या परीक्षक बाईंनी तो बाजूला ठेवला आणि मला विचारलं, 'यातली एखादी कविता आठवते का तुम्हाला?' मला आठवेना. लेखकाचे विचार मला पटले होते, म्हणून मी तो कवितेवरचा निबंध मानला होता. तेव्हापासून ज्या निबंधाशी मी सहमत आहे तो मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो. तुमच्या बऱ्याच म्हणण्याशी मी सहमत आहे. म्हणून तुमचाही दोनदा वाचला.

आता त्या तळटीपेबद्दल. पान सातच्या खाली, बारीक अक्षरात, तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते, त्यांना वाचता येत नव्हतं, पण 'माझी मैना गावावर राहिली' त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं, आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतल्यावरही ते म्हणत असत. ती तळटीप वाचून मी पेन्सिल खाली ठेवली.

अण्णा भाऊंची ही छक्कड आहे, फडावरचा प्रकार. सुरुवातीला गडी आपल्या गावाकडच्या बायकोचं वर्णन करतो, पोटासाठी मुंबईला यावं लागलं, ती मागे राहिली, जिवाची काहिली होते. ऐकणारा मान डोलवत असतो, कारण हे त्याचंच दुःख आहे; गिरणगावात कोणाची बायको गावी नव्हती? आणि मग शेवटाकडे तो विरह अलगद संयुक्त महाराष्ट्राकडे वळतो: सीमेपलीकडे राहिलेला मुलूख म्हणजे दुरावलेली मैना. राजकीय मागणी सांगायला अण्णा भाऊंनी भाषण केलं नाही. ऐकणाऱ्याच्या घरात आधीपासून असलेली व्यथा घेतली आणि तिला राज्याच्या नकाशापर्यंत नेलं. यातला 'मी' शाहीर आहे आणि ऐकणारा प्रत्येकजणही आहे. वर म्हटलं तसं, इथं 'आम्ही'ला विचारून घेतलेलं आहे. आजोबांना ते पाठ होतं, याचा अर्थ ते आता त्यांचंही होतं. 'शब्दें वाटूं धन जनलोकां' म्हणजे काय, ते तुमच्या घरात घडलेलं आहे आणि तुम्ही ते तळटीपेत ठेवलंत.

आजच्या रूपात मी याला १०० पैकी ५८ गुण देईन. भाषेला आणि धाडसाला पूर्ण, पुराव्याला अर्धे, गाळलेल्या चाळीस वर्षांसाठी कापलेले. पुन्हा लिहाल तेव्हा प्लेटोचा परिच्छेद काढून टाका, तो विश्वकोशातल्या नोंदीपलीकडे जात नाही. तळटीप वर आणा, पहिल्या पानावर. आजोबा ती छक्कड कुठल्या चालीत म्हणत, शेवटचा संयुक्त महाराष्ट्राचा भाग म्हणत की गाळत, संपानंतर गावी त्यांच्यासोबत कोण ऐकायला बसत असे, हे घरात कोणाला आठवत असेल तर या आठवड्यातच विचारून घ्या आणि लिहून ठेवा.